हर्रास, वाकळ आणि वर्गणी

सामाजिक कामासाठी चित्रांचा लिलाव ही मुंबई-दिल्लीच्या बड्या हॉटेलांतली गोष्ट, असा आपल्याकडे समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. जयंतीची वर्गणी, विहाराच्या बांधकामाला घरटी ठरवून दिलेली रक्कम, नोकरीला लागलेल्यांकडून एका दिवसाचा पगार, ह्या आपल्या रीती. त्यांत लिलाव कुठे बसतो? रेणापुरात आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी मुलींच्या अभ्यासिकेसाठी चित्रांचा आणि हातकामाच्या वस्तूंचा लिलाव करायचे ठरवले, तेव्हा पहिल्याच बैठकीत हा प्रश्न आला. मी त्या कामात स्वयंसेवक होते. वस्तूंची नोंदवही आणि पैशाची वही, अशा दोन वह्या माझ्याकडे होत्या. त्यानंतर जवळपासच्या गावांतील कार्यकर्ते आणि शिक्षक विचारू लागले की हे कसे करायचे, आणि करावे की करू नये. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्रच द्यावी लागतात. लिलाव कसा चालतो हे नीट समजल्याशिवाय तो आपल्या हिताचा की अहिताचा हे ठरवता येत नाही. म्हणून हा लेख.

अभ्यासिका कशाला हवी, हे या नियतकालिकाच्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. लातूर हे शिकवणी वर्गांचे शहर म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते. रेणापूर तिथून एस.टी.ने जवळ आहे. पण जवळ असणे वेगळे आणि परवडणे वेगळे. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्या घरात बारावीच्या मुलीला रात्री पुस्तक उघडून बसायला कोपरा नसतो. मुलगा देवळाच्या पायरीवर, एस.टी. स्टँडवर, कुठेही बसतो. मुलीला ती सोय नाही. मी स्वतः अशाच घरातून घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून बाहेर पडले. कंदिलाच्या उजेडाची वाटणी भावंडांत कशी होते ते मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

एक : शब्द आणि त्याची आठवण

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. मराठवाड्यात मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या 'हर्रास' म्हणत आलो. निजामी राजवटीतल्या कचेरीच्या उर्दूतून आलेला हा शब्द आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. आणि तो शब्द नुसता उच्चारला तरी वस्तीतल्या माणसाच्या मनात काय उभे राहते, हे कार्यकर्त्याने आधी समजून घेतले पाहिजे.

सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज थकले की भांडीकुंडी, बैल, जमीन यांची हर्रास होते. मेलेल्या जनावरांच्या कातड्याहाडांचा मक्ता गावोगावी लिलावाने दिला जात असे. जनावर ओढणारे हात आपले आणि मक्त्याचा नफा दुसऱ्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून घेतलेले पीक जप्त करता येते. त्यामुळे गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांनी, स्वतःच्या घामावर उभ्या राहिलेल्या ज्वारीवर परक्यांनी बोली लावलेली पाहिली आहे. थोडक्यात, हर्राशीत आपण आजवर बहुतेक वेळा विकला जाणारा माल म्हणून किंवा माल गमावणारा म्हणून उभे होतो. बोली लावणारा म्हणून नव्हतो, आणि हातोडा तर आपल्या हाती कधीच नव्हता.

म्हणूनच आमच्या बैठकीत एका वृद्ध बाईंनी सरळ विचारले, "बाई, हर्रास कुणाची करता?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. सगळ्या चर्चेतला तो सर्वांत नेमका प्रश्न होता. लिलावात नेमके काय विकायचे आहे, कोणाचे आहे आणि ते विकण्याचा अधिकार कोणी दिला, हे आधी ठरले पाहिजे.

याच प्रश्नातून दुसरा प्रश्न निघाला. पाटी रंगवणाऱ्या एका मुलाने बाबासाहेबांचे मोठे तैलचित्र दिले होते. सगळ्यांत जास्त बोली त्यालाच लागेल हे उघड होते. काहींचे म्हणणे, त्यात गैर काय, पैसा मुलींच्याच कामाला येणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे राहून "एक वार, दोन वार" म्हणायला जीभ कशी वळेल? शिवाय ज्याची बोली मोठी त्याच्या दिवाणखान्यात बाबासाहेब जाणार आणि ज्याच्या घरात खरोखर त्यांची पूजा नव्हे तर पुस्तके आहेत तो मागे राहणार. अखेर ते चित्र लिलावातून काढून अभ्यासिकेच्या भिंतीसाठी ठेवले. हा निर्णय सगळीकडे असाच व्हावा असा माझा आग्रह नाही. पण कोणती वस्तू बोलीच्या बाहेर ठेवायची, हे लिलावाच्या आधी आणि सर्वांसमक्ष ठरावे, एवढा आग्रह जरूर आहे.

दोन : लिलाव चालतो कसा

लातूरच्या आडत बाजारात तूर-सोयाबीन घेऊन जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला उघड लिलाव ठाऊक आहे. एक माल, अनेक खरेदीदार आणि चढत जाणारा भाव. यामागचे गणित साधे आहे, पण निधी उभारणाऱ्याने ते पक्के लक्षात ठेवायला हवे.

समजा, एका चित्रासाठी एक गृहस्थ पाच हजार रुपये द्यायला तयार आहेत आणि त्यांच्या खालोखाल दुसरे गृहस्थ दोन हजारांपर्यंत जाऊ शकतात. चित्र किती रुपयांना जाईल? पाच हजारांना नाही. दुसरे गृहस्थ दोन हजारांवर थांबले की पहिल्याला दोन हजार शंभर म्हटले तरी पुरते. म्हणजे उघड लिलावात किंमत सर्वांत श्रीमंत माणूस ठरवत नाही. त्याच्या खालोखालचा माणूस ठरवतो. विल्यम व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली लिलावाचे हे तर्कशास्त्र शास्त्रशुद्ध मांडले. त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की एका बड्या माणसाला बोलावून लिलाव होत नाही. ऐपतीने जवळजवळ सारखी अशी चार माणसे लागतात. चार शिक्षक, चार एस.टी. कर्मचारी, चार परिचारिका समोरासमोर बसल्या तर एका ठेकेदारापेक्षा जास्त निधी उभा राहू शकतो.

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांना माहीत असावी. मालविक्री अधिनियम, १९३० याचे कलम ६४ लिलावाबद्दल आहे. त्यातल्या चार गोष्टी कामाच्या आहेत. पहिली, अनेक वस्तू वेगवेगळ्या मांडल्या असतील तर प्रत्येक वस्तूची विक्री हा स्वतंत्र करार समजला जातो. दुसरी, हातोडा पडला किंवा रिवाजाप्रमाणे "तीन वार" झाले की विक्री पुरी होते. तोपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. तिसरी, विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर तो हक्क आधी जाहीर करून राखून ठेवावा लागतो. चौथी, भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावली तर घेणारा तो व्यवहार रद्द करू शकतो.

ही चौथी गोष्ट आपल्या उत्साही पोरांना बजावून सांगावी लागते. "सर, मी उगीच दोनशे वाढवतो, समोरचा चढेल" असे म्हणणारा एक तरी असतोच. हेतू चांगला असला तरी ती लबाडी आहे आणि कायद्यानेही लबाडीच आहे. तसेच, पायाभूत किंमत, म्हणजे ज्याच्या खाली वस्तू द्यायची नाही ती किंमत, ठेवण्याची मुभा कायदा देतो. ती आधी जाहीर करावी.

लिलाव करणारे मंडळ नोंदणीकृत नसेल तर आणखी एक पायरी आहे. सार्वजनिक कामासाठी पैसा गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली (१९५०) धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. गणेश मंडळे ही परवानगी घेतात, आपणही घ्यावी. सोपा उपाय म्हणून 'लकी ड्रॉ'ची तिकिटे खपवण्याची कल्पना हमखास पुढे येते. ती टाळावी. परवानगीशिवाय सोडत चालवणे हा गुन्हा आहे आणि आपल्या पोरांवरच्या गुन्ह्याची चौकशी किती तत्परतेने होते ते सर्वांना माहीत आहे.

तीन : हरलेल्याचे काय?

लिलावात एक मोठी उणीव आहे. वर्गणीत शंभर घरे शंभर वेळा देतात. लिलावात एका वस्तूवर दहा माणसे बोली लावतात आणि पैसे एकटाच देतो. उरलेले नऊ जण टाळ्या वाजवून मोकळ्या हाताने घरी जातात. खिशात द्यायला पैसे होते, द्यायची इच्छाही होती, पण पद्धतीनेच त्यांना बाजूला काढले.

गोएरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली धर्मादाय लिलावांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे आणखी एक कारण दाखवले आहे. चांगल्या कामासाठी लिलाव असतो तेव्हा बोली लावणाऱ्याच्या मनात येते की समोरच्याने जास्त दिले तरी पैसा त्याच कामाला जाणार. मग मी कशाला चढू? म्हणजे कामाबद्दलची आस्थाच बोलीचा हात आवरते. ज्या रीतीत जिंकणारा-हरणारा सगळेच काहीतरी देतात, त्या रीतीने अधिक पैसा उभा राहतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे सिद्धान्ताने सांगितले ते काश्मीरमध्ये सोपोरजवळच्या एका गावाने एप्रिल २०२४ मध्ये करून दाखवले. मशिदीच्या बांधकामासाठी लोक काहीबाही देत होते. एका गरीब माणसाने एक अंडे दिले. त्या अंड्याचा लिलाव झाला. ज्याने घेतले त्याने पैसे भरून अंडे परत दिले. पुन्हा लिलाव, पुन्हा परत. असे करता करता त्या एका अंड्यावर सव्वादोन लाखांच्या आसपास रक्कम जमली. शेवटची बोली सत्तर हजारांची होती.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहा. हैदराबादजवळच्या बालापूरच्या गणपतीच्या लाडवाचा लिलाव १९९४ साली सुरू झाला तेव्हा बोली ४५० रुपयांची होती. २०२४ मध्ये ती तीस लाख एक हजारांवर गेली. पैसा गावाच्या कामाला लागतो असे सांगतात. पण तिथे दरवर्षी नाव एकाचे लागते आणि छापून येते. अंड्याच्या लिलावात देणारे अनेक होते, आणि मूळ दान एका गरिबाचे होते. दोन्ही लिलावच. एकात प्रतिष्ठा विकली जाते, दुसऱ्यात सहभाग वाटला जातो. धर्माचा संदर्भ बाजूला ठेवून आपण दुसऱ्याकडून शिकावे असे मला वाटते.

आमच्याकडे यातून दोन नियम झाले. एक, कोणालाही गटाने बोली लावता येईल. दुसरा, बोली हरलेल्याला वाटल्यास आपल्या शेवटच्या बोलीचा हवा तेवढा भाग दान म्हणून देता येईल आणि त्याची वेगळी पावती मिळेल. पहिल्या नियमाचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. बचत गटाच्या बाराजणींनी मिळून एका वाकळीवर बोली लावली आणि एका सधन गृहस्थाला मागे टाकून ती घेतली. वही लिहिताना 'खरेदीदार' या रकान्यात बारा नावे लिहायला जागा पुरेना. मी समासात लिहिली.

चार : पायाभूत किंमत कोण ठरवतो?

वाकळीचा विषय निघाला तर तो नीटच मांडला पाहिजे, कारण कलेच्या लिलावातला खरा पेच तिथे आहे.

आमच्याकडे तीन प्रकारच्या वस्तू आल्या. चित्रकला शिक्षकांनी चौकटीत बसवलेली निसर्गचित्रे दिली. पाट्या रंगवणाऱ्या पोरांनी आणि शाळेतल्या मुलांनी कागदावर काढलेली चित्रे दिली. आणि बायांनी जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या वाकळी दिल्या. पायाभूत किमती ठरवायला बसलो तेव्हा निसर्गचित्राला दीड हजार, मुलांच्या चित्राला दोनशे आणि वाकळीला तीनशे, असा पहिला प्रस्ताव आला. प्रस्ताव मांडणारा आपल्यातलाच होता. वाकळीला तीनशे का? तर ती "वापरायची वस्तू" आहे, कला नाही. पण एक वाकळ शिवायला किती दिवस लागतात? कोणत्या तुकड्याशेजारी कोणता तुकडा बसवायचा, टाका कुठून फिरवायचा, हे रंगाचे आणि रचनेचेच निर्णय नव्हेत काय? चौकट आणि काच असली की कला, आणि अंगावर पांघरता आली की नुसती वस्तू, ही व्याख्या कोणाची? श्रमाला हलके आणि विरंगुळ्याला उंच मानणारी जी दृष्टी या समाजरचनेने दिली, तीच दृष्टी आपण नकळत किंमतपत्रकात उतरवतो. बराच वाद होऊन अखेर निसर्गचित्र आणि वाकळ दोन्हींची पायाभूत किंमत सारखी ठेवली.

वारली चित्रांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सवाष्णींचे होते. ते 'कला' म्हणून कोणी मोजत नव्हते. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली, शहरांत गेली. जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. एका आदिवासी कलावंताचे नाव जगात गेले ही अभिमानाची गोष्ट. पण ज्या बायांच्या बोटांनी ती परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जगवली त्यांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? आज चादरीवर, कपबशीवर, हॉटेलच्या भिंतीवर वारली नक्षी सर्रास दिसते. भिंतीवरची आकृती बाजारात आली. काढणारीचे नाव मात्र बाजारापर्यंत पोचले नाही.

म्हणून आमच्या नोंदवहीत वस्तूच्या नावाआधी करणारीचे किंवा करणाऱ्याचे पूर्ण नाव लिहिण्याचा नियम ठेवला, आणि लिलाव पुकारणाऱ्यानेही आधी नाव, मग वस्तू, मग किंमत असे पुकारायचे. काही बायांनी आपले नाव ध्वनिक्षेपकावर पहिल्यांदाच ऐकले.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न उभा राहतो. आपल्या वेदनेचे चित्र कोण विकत घेणार? नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य चितारला. असे चित्र सोफ्याच्या रंगाशी जुळत नाही. बोलीवर डोळा ठेवून चित्रे मागवली तर पोरे सूर्यास्त आणि बैलगाड्या काढून देतील, आणि ज्या मुलाने मैला वाहणाऱ्या आजीचे चित्र काढले तो ते घरीच ठेवील. लिलावाला प्रदर्शनाची जोड दिली तर यातून वाट निघते: सगळी चित्रे लावायची, बोलीला ठेवायची की नाही हे काढणाऱ्याने ठरवायचे. किमतीची चिठ्ठी नसलेली चित्रेही त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर असली पाहिजेत.

पाच : काढणाऱ्याचा वाटा

चांगल्या कामासाठी लिलाव असला की कलावंताकडून चित्र फुकट घ्यायचे, ही रीत सर्वत्र आहे. खरेदीदार पैसे देतो आणि बदल्यात चित्र नेतो. त्याचे जाते आणि येतेही. कलावंताचे नुसतेच जाते. सधन चित्रकाराला हे परवडते. रंगाचे डबे उधारीवर आणणाऱ्या पाटीवाल्या पोराला परवडत नाही. समाजासाठी फुकट राबण्याची सवय आपल्याला पुष्कळ लावली गेली आहे. समाजाच्या नावाने पुन्हा तीच वेठ नको. विक्रीचा ठरावीक हिस्सा, निदान साहित्याचा खर्च, काढणाऱ्याला आधी द्यावा. तो त्याने परत दान दिला तर त्याची पावती त्याच्या नावाने फाडावी. मग तोही दाता होतो. आम्ही असेच केले. काहींनी परत दिला, काहींनी ठेवून घेतला. ठेवून घेणाऱ्याकडे कोणी वाकडे पाहू नये, हे पाहणे स्वयंसेवकाचे काम.

कायदा इथेही आपल्या बाजूने थोडा उभा आहे. स्वलेखाधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा हक्क विकला असे होत नाही. तो हक्क लेखी द्यावा लागतो. त्यामुळे लिलावातले चित्र घेऊन कोणी दिनदर्शिका छापली तर काढणारा जाब विचारू शकतो. १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३-अ असे सांगते की मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्या किमतीत चित्रकाराला हिस्सा मागता येतो. तो दहा टक्क्यांच्या वर नसतो. हा हक्क बजावणे सोपे नाही. पण तो आहे, हे आपल्या पोरांना माहीत असले पाहिजे.

फेरविक्रीचे महत्त्व कळण्यासाठी अलीकडचे एक उदाहरण पुरे आहे. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन यांनी १९५४ मध्ये 'ग्रामयात्रा' हे भारतीय खेड्याचे मोठे चित्र काढले. दिल्लीत काम करणाऱ्या एका परदेशी डॉक्टरांनी ते घेतले आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १ कोटी ३७ लाख डॉलरांच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. तो पैसा डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला लावण्याचे रुग्णालयाने जाहीर केले. उद्देश उत्तम आहे. पण विचार करा: चित्रातले खेडे आपले, चित्रकार फलक रंगवणाऱ्यांच्या रांगेतून आलेला, आणि चित्राच्या किमतीतून डॉक्टर शिकणार ते नॉर्वेत. चित्र ज्याच्या हाती टिकून राहते, वाढलेली किंमत त्याच्याकडे जाते. आपल्या वस्तीतली चित्रे आपल्याच सार्वजनिक भिंतीवर राहावीत, असे मी म्हणते ते केवळ भावनेपोटी नाही.

सहा : पैसा कोणाचा, कोणत्या अटीवर?

चळवळीच्या इतिहासात निधीसंबंधी एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. तमाशासम्राट पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांच्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. आपल्या समाजाच्या स्त्रियांना फडावर नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. पैशाची अत्यंत निकड असतानाचा हा नकार आहे. निधी कितीही मोठा असो, तो मिळवताना माणसाची विटंबना झाली असेल तर तो आपल्या कामाचा नाही, हा धडा त्यात आहे.

पण एक बाई म्हणून मला त्याच प्रसंगात आणखी एक प्रश्न दिसतो. तो पैसा ज्यांच्या श्रमाचा होता त्या पवळाबाई आणि त्यांच्यासारख्या कलावंतिणी, त्यांचे काय? नाकारलेल्या पैशाबरोबर त्यांच्या कलेलाही आपण वेशीबाहेर ठेवले की काय? डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवरच्या आपल्या ग्रंथात (२०२२) हा पेच मांडला आहे. उत्तर सोपे नाही. मात्र लिलाव करणाऱ्याने दोन्ही बाजू मनात ठेवाव्यात: विटंबनेचा पैसा घ्यायचा नाही, आणि ज्याची विटंबना झाली त्याला दूरही लोटायचे नाही.

आमच्यापुढे हा प्रश्न लहान रूपात आला. एका पुढाऱ्याने निरोप पाठवला की मोठी बोली लावतो, पण अभ्यासिकेला आमच्या वडिलांचे नाव द्या. आम्ही कळवले की बोली चित्रावर लागते, खोलीच्या नावावर लागत नाही. ते आले नाहीत. त्यांच्या बोलीने वर्षभराचे वीजबिल निघाले असते, हेही खरे. पण दारावर त्यांचे नाव लागले असते तर आत बसून वाचणारी मुलगी त्यांची उपकृत झाली असती, आणि निवडणुकीत त्या उपकाराची वसुली तिच्या आईबापाकडून झाली असती.

एकरकमी मोठ्या मदतीवर काम किती दिवस चालते, याबद्दलही आपला इतिहास बोलतो. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला त्यामागे राजर्षी शाहू महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती. त्या मदतीशिवाय तो निघालाच नसता. पण तो १९२३ च्या सुमारास बंद पडला. १९२७ साली निघालेले 'बहिष्कृत भारत' बाबासाहेबांनी बहुतांशी एकहाती लिहून चालवले. तेही १९२९ मध्ये पैशाअभावी थांबले. उदार मदत कामाला जन्म देते. त्याला जगवायला नियमित वर्गणीदार लागतात. लिलाव हा पहिल्या प्रकारात मोडतो. त्यातून टेबले, खुर्च्या, दिवे येतील. दरमहाचे वीजबिल आणि वर्तमानपत्रे वर्गणीतूनच भागतील. म्हणून लिलावाच्या दिवशी दारातच एक तिसरी वही ठेवावी: दरमहा दहा रुपये देणाऱ्यांची. बोली लावायला जो धजत नाही तो या वहीत नाव लिहितो. आमच्याकडे लिलावाच्या वहीपेक्षा हीच वही जास्त भरली.

सात : स्वयंसेवकाचे काम

आता थोडे अगदी व्यवहाराचे. स्वयंसेवक म्हणजे खुर्च्या उचलणारा, असे समजू नये. लिलावाची विश्वासार्हता त्याच्याच हातात असते.

प्रत्येक वस्तू घेताना क्रमांक, करणाऱ्याचे नाव, पायाभूत किंमत आणि त्याचा हिस्सा लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. पुकारणारा एक, बोली लिहिणारा दुसरा आणि पैसे घेणारा तिसरा असावा. तिन्ही कामे एका माणसाकडे कधीही देऊ नयेत. बोली किमान किती रुपयांनी वाढेल ते आधी सांगावे. सगळ्यांत मौल्यवान वस्तू अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवू नये. सुरुवातीला लोक बिचकतात आणि शेवटी पांगतात. "तीन वार" झाले की लगेच पावती फाडावी. उधारी ठेवायचीच असेल तर पैसे आल्यावरच वस्तू द्यावी, मग तो माणूस कितीही मोठा असो. न विकलेली वस्तू त्याच दिवशी, मान ठेवून, ज्याची त्याला परत करावी. विशेषतः लहान मुलाचे चित्र विकले गेले नाही तर त्याच्या हाती ते कसे द्यायचे, याचा विचार आधी करून ठेवावा. आम्ही ती सगळी चित्रे अभ्यासिकेसाठी मागून घेतली.

आणि हिशेब. आठ दिवसांच्या आत, विहाराच्या अंगणात, जमा-खर्च मोठ्याने वाचून दाखवावा. मांडवाचे भाडे, ध्वनिक्षेपक, चहा, सगळे. फलकावर लावून भागत नाही, कारण ज्यांनी वाकळी दिल्या त्यांतल्या कित्येकींना तो वाचता येत नाही. आपल्या संस्था फुटल्या त्या विचारांच्या मतभेदांवरून फुटल्या असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्या न वाचलेल्या हिशेबावरून फुटल्या आहेत. विद्यार्थ्यांकडून हे काम करून घ्यावे. वाणिज्य शाखेच्या पुस्तकातला जमाखर्च आणि आपल्या आईच्या वाकळीचा जमाखर्च एकच आहे, हे त्यांना त्या दिवशी समजते.

तर, करावा की करू नये? माझे मत असे की लिलाव वर्गणीच्या जागी करू नये. वर्गणीच्या जोडीला करावा. आणि तो करायचा तर काय विकायचे नाही हे आधी ठरवून, गटाला बोलीचा हक्क देऊन, काढणाऱ्याचा वाटा आधी काढून आणि अटीचा पैसा दारातच परत करून. एवढे पाळले नाही तर हर्राशीत पुन्हा वस्तीच विकली जाईल, फक्त या वेळी पुकारणारा आपल्यातला असेल. त्या वृद्ध बाईंचा प्रश्न म्हणूनच प्रत्येक गावातल्या पहिल्या बैठकीत विचारला गेला पाहिजे. कोणी विचारला नाही तर शिक्षकाने विचारावा.